सांगायचा आकडा आणि न सांगायचा आकडा

संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या गेटपाशी दहा मिनिटं उभं राहिलं, की एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडतं. ‘ओटीपी सांगा.’ किराणा घेऊन आलेला मुलगा म्हणतो, कुरिअरवाला म्हणतो, अ‍ॅपवरून बोलावलेला रिक्षावाला म्हणतो. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतूनच चार आकडे सांगतात, वॉचमन ते ऐकून त्या मुलाला पुन्हा सांगतो आणि पिशवी वर जाते. यात गैर काही नाही. तो आकडा सांगण्यासाठीच असतो. सामान ज्याचं त्याच्या दारी पोचलं, एवढंच त्याने दाखवायचं असतं.

त्याच फोनवर, मेसेजच्या त्याच यादीत, तासाभराने दुसरा एक आकडा येतो. तोही चार किंवा सहा अंकी. त्यालाही ओटीपीच म्हणतात. तो मात्र कोणालाही सांगायचा नसतो. या दोन आकड्यांना आपण एकच नाव दिलं, आणि माणसं गोंधळली की माणसांनाच दोष देत आलो. मी यावर लिहितोय, कारण यातली एक चूक माझ्या हातून झाली आहे.

मी वेब अ‍ॅप्लिकेशन लिहितो. घर ठाण्यात, ऑफिस ऐरोलीला. आमच्या छोट्या कंपनीचं एक अ‍ॅप्लिकेशन गृहनिर्माण सोसायट्या वापरतात: मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सभासदांची यादी, भाडेकरूंची कागदपत्रं. त्याचं लॉगिन मी लिहिलं. आधी पासवर्ड, मग सेक्रेटरींच्या मोबाइलवर सहा अंकी ओटीपी. दोन टप्पे होते आणि मला त्याचं समाधानही होतं.

एका सोसायटीत हे कसं चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. सोसायटीच्या नावाने लॉगिन एकच. सकाळी मॅनेजर ऑफिस उघडायचे, पासवर्ड टाकायचे आणि सेक्रेटरींना फोन करायचे. सेक्रेटरी त्या वेळी लोकलमध्ये. ‘साहेब, आला का?’ ‘आला, घ्या लिहून.’ रोज. जवळपास वर्षभर. मग एका दुपारी सेक्रेटरींना वेगळ्याच माणसाचा फोन आला. ‘ऑफिसमधून बोलतोय साहेब, मॅनेजर बँकेत गेलेत, बिलं पाठवायची राहिलीत, ओटीपी आला असेल बघा.’ त्यांनी तो सांगितला. पासवर्ड कुठून बाहेर गेला ते शेवटपर्यंत समजलं नाही. तो निदान पाच जणांना ठाऊक होता. आत शिरलेल्या माणसाने बिलावर छापला जाणारा बँक खात्याचा नंबर तेवढा बदलला. त्या तिमाहीची बिलं नेहमीप्रमाणे गेली आणि नऊ घरांनी नेहमीप्रमाणे पैसे भरले. दहाव्या घरातल्या बाईंना खात्यावरचं नाव वेगळं दिसलं म्हणून बोभाटा झाला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार गेली, काही रक्कम वाटेतच गोठवली गेली, काही गेली ती गेली.

त्यानंतरच्या सभेला मी हजर होतो. एकेक सभासद उठून सेक्रेटरींना विचारत होता, ‘तुम्ही ओटीपी सांगितलाच कसा?’ ते गृहस्थ मान खाली घालून बसले होते. मला तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. त्या माणसाने त्या दुपारी वेगळं काहीच केलं नव्हतं. ओटीपी फोनवर वाचून दाखवणं हीच त्या लॉगिनची रोजची पद्धत होती, आणि ती पद्धत माझ्या रचनेतून तयार झाली होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ज्या लॉगिनमधून दुसऱ्यांचे पैसे किंवा दुसऱ्यांची माहिती हाताळली जाते, तिथे दुसरा टप्पा सक्तीचा असावा. ती सक्ती अ‍ॅप्लिकेशन बनवणाऱ्यावर असावी, वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नसावी. आणि तो टप्पा खुर्चीला जोडलेला नको, माणसाला जोडलेला हवा. चेअरमनचं लॉगिन वेगळं, खजिनदारांचं वेगळं, मॅनेजरचं वेगळं. एका लॉगिनवर चार माणसं बसवून वर ओटीपी लावला, की आपण त्या चौघांना आकडा सांगण्याची तालीम देतो. ठग नंतर फक्त त्या तालमीचा फायदा घेतो.

ओटीपीला मी कमी लेखत नाही. इंटरनेटवर कार्डाने पैसे देताना कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडे आणखी एक पुरावा मागितलाच पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून लागू केला. जगातल्या अनेक देशांत तेव्हा नुसत्या कार्ड नंबरवर खरेदी होत होती. आपल्याकडच्या सामान्य माणसाने ऑनलाइन व्यवहारावर विश्वास ठेवला, त्यात या नियमाचा वाटा मोठा आहे. पण तिथे कार्ड माझं, फोन माझा, पैसे माझे. सांगण्याची वेळच येत नाही, कारण सांगायला मधे दुसरं कोणी नसतं. सोसायटीचं ऑफिस, दवाखान्याचा रिसेप्शन काउंटर, क्लासचं ऑफिस, पतसंस्थेची शाखा इथे तसं नाही. इथे एक माणूस शंभर जणांच्या वतीने आत शिरतो. मोबाइल एकाकडे, की-बोर्ड दुसऱ्याकडे. बँकेच्या साच्यातला ओटीपी आम्ही जसाच्या तसा उचलून इथे बसवला आणि मधला हा माणूस विसरलो.

‘सोसायटीच्या अ‍ॅपमधून चोरण्यासारखं आहेच काय?’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की एकदा बसून यादीच केली. कोणत्या घरात कोण राहतं, त्यांचे फोन नंबर, गाड्यांचे नंबर. कोणाची किती थकबाकी. भाडेकरूंचे करारनामे, त्यांच्या आधार आणि पॅनच्या प्रती. कोणत्या घरी पाहुणा कधी आला, कामवाल्या ताई कधी येतात, कोणतं घर महिनाभर बंद आहे. नॉमिनेशनमध्ये कोणाचं नाव आहे. ही यादी वाचल्यावर समोरचे गप्प होतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अशा माहितीची वाजवी सुरक्षा राखली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा आहे हे चांगलंच आहे, पण माझं कारण त्याच्याही आधीचं आहे. भाडेकरू आपली कागदपत्रं देतो तेव्हा त्याला नाही म्हणण्याची मुभा नसते. घर हवं असेल तर प्रती द्याव्याच लागतात. ज्याला निवड दिली नाही, त्याच्या वतीने काळजी घेणं आपल्याकडे येतं.

मग लोक वेगळी लॉगिन का घेत नाहीत? याचं एक उत्तर आमच्या धंद्याला लाज आणणारं आहे. बरीच सॉफ्टवेअरं माणसागणिक पैसे घेतात. तीन लॉगिनचे तिप्पट. काटकसरीने चालणारी कमिटी साहजिकच एक घेते आणि पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. पाच वर्षांनी कमिटी बदलते, चार्ज देताना चाव्या, रजिस्टरं, शिक्का यांच्याबरोबर तो पासवर्डही पुढे जातो, आणि जुन्या कमिटीच्या डोक्यातही राहतो. काही कंपन्या दुसरा टप्पाच मुळात महागड्या योजनेत विकतात. मला हे पटत नाही. बिल्डर घराला दार लावतो आणि कडीचे पैसे वेगळे मागतो, असं आपण चालवून घेतलं नसतं. आम्ही आता सोसायटीगणिक पैसे घेतो. लॉगिन कितीही असोत. उत्पन्नाला थोडी झळ बसली. ती बसायलाच हवी होती.

माणसागणिक लॉगिन आपल्याकडे चालणारच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी वागळे इस्टेटमधल्या किंवा तुर्भ्याच्या बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर जाऊन बघावं. माल हलवायचा तर ई-वे बिल काढावं लागतं, आणि त्या पोर्टलवर दुसरा टप्पा हळूहळू सगळ्यांना बंधनकारक झाला: १ जानेवारी २०२५ पासून २० कोटींवर उलाढाल असलेल्यांना, १ फेब्रुवारीपासून ५ कोटींवरच्यांना, १ एप्रिल २०२५ पासून सरसकट. सुरुवातीला आरडाओरड झाली, ट्रक उभे राहतील असं लोक म्हणत होते. पण त्या रचनेत मला आवडलेल्या दोन गोष्टी आहेत. शेठजींच्या नोंदणीखाली काम करणाऱ्या कारकुनाला स्वतःचं उप-लॉगिन मिळतं आणि त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. मधे कोणाला फोन करायची गरज राहत नाही. आणि एसएमएसशिवाय एक सरकारी अ‍ॅपही आहे, ज्यात दर ३० सेकंदांनी नवा आकडा दिसतो, तोही इंटरनेट नसताना. बाजारातली दोन पिढ्यांची दुकानं जे करू शकतात ते आमच्या दीडशे फ्लॅटच्या सोसायट्यांना झेपणार नाही, हे मी मान्य करत नाही.

तो ३० सेकंदांचा आकडा कसा येतो, हे सांगायला हवं. कारण ‘फोनला रेंज नसली तर?’ ही शंका सगळीकडे निघते, आणि बेसमेंटमधल्या सोसायटी ऑफिसांत रेंज खरोखरच नसते. पहिल्यांदा जोडणी करताना सर्व्हर एक गुप्त किल्ली तयार करतो आणि क्यूआर कोडच्या रूपाने दाखवतो. फोन ती एकदाच टिपून घेतो. त्यानंतर दोघांमध्ये काही बोलणं होत नाही. फोन ती किल्ली आणि घड्याळातली वेळ एकत्र करून गणित करतो, सर्व्हरही तेच गणित करतो, आणि उत्तर जुळलं की दार उघडतं. वेळ १ जानेवारी १९७० पासून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या टप्प्यांत मोजतात. ही पद्धत २०११ साली सर्वांसाठी खुल्या मानकाच्या रूपात आली; कोणीही ती फुकट वापरू शकतो. एसएमएसचा खर्च नाही, मेसेज अडकण्याची भानगड नाही. कोणी खोटी कागदपत्रं दाखवून आपल्या नंबरचं दुसरं सिम काढलं, तरी हा आकडा त्या सिमवर जात नाही. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही, असा नियम दूरसंचार नियामकाने १ जुलै २०२४ पासून केला, तो अशाच फसवणुकींमुळे.

पण मी प्रामाणिकपणे सांगायला हवं: हा आकडाही फोनवर सांगता येतो. खोट्या पानावर टाकला तर ते पान पुढच्या दहा सेकंदांत खऱ्या पानावर वापरू शकतं. म्हणजे माझ्या सेक्रेटरींचा प्रश्न निम्माच सुटतो. पूर्ण सोडवायचा तर सांगण्यासारखं काही हातात असताच कामा नये, आणि तशी सोय आता आहे. तिला पासकी म्हणतात. मार्च २०१९ मध्ये तिच्यामागचं वेब मानक पक्कं झालं आणि आता साध्या फोनांमध्येही ती चालते. फोन स्वतःची एक खासगी किल्ली आपल्याजवळ ठेवतो, सर्व्हरकडे तिचा फक्त जाहीर जोडीदार असतो. आत जाताना माणूस बोट ठेवतो किंवा फोनचा पिन टाकतो. ब्राउझर पानाचा पत्ता स्वतः तपासतो. एका अक्षराचा फरक असलेलं खोटं पान माणसाच्या नजरेतून सुटेल, ब्राउझरच्या सुटत नाही. कोणी फोन करून ‘साहेब, सांगा’ म्हणालं, तर साहेबांकडे सांगायला आकडाच नाही. दुसऱ्यांचे पैसे आणि कागद हाताळणाऱ्या प्रत्येक लॉगिनला हेच द्यावं, असं माझं मत त्या सभेनंतर पक्कं झालं.

आता माझ्या कामातल्या मंडळींशी थोडं. दुसरा टप्पा बसवणं म्हणजे लॉगिनच्या पानानंतर आणखी एक पान लावणं, असं समजून केलेलं काम मी बरंच पाहिलंय, आणि एकेकाळी केलंयही. पासवर्ड बरोबर आला की सर्व्हर माणसाला आत घेतो आणि मग आकडा विचारतो; अशा वेळी आतल्या पानाचा पत्ता थेट टाकला तर आकडा न देताच काम होतं. पासवर्डनंतरचा माणूस अजून उंबऱ्याबाहेरच आहे, हे कोडमध्ये प्रत्येक दाराला ठाऊक हवं. मागचं दार बहुतेक वेळा ‘पासवर्ड विसरलात?’ इथे असतं: ईमेलवरच्या लिंकवरून नवा पासवर्ड ठेवला की सरळ आत. तीन वर्षांपूर्वीच्या मोबाइल अ‍ॅपसाठी ठेवलेला जुना रस्ता कोणाच्या लक्षात नसतो, तो तसाच उघडा असतो.

प्रयत्नांना मर्यादा नसणं ही तर फार साधी आणि फार महाग चूक आहे. सहा अंकांचे दहा लाख पर्याय होतात, हे ऐकायला पुष्कळ वाटतं. घड्याळं थोडी मागेपुढे असतात म्हणून आपण आधीचा आणि नंतरचा आकडाही चालवून घेतो, म्हणजे एका वेळी तीन आकडे बरोबर. सेकंदाला दहा प्रयत्न करणारा एक साधा प्रोग्रॅम सरासरी नऊ-साडेनऊ तासांत आत शिरतो. रात्री लावून झोपला तर सकाळी दार उघडलेलं. पाच चुकांनंतर थांबवा, थांबण्याची वेळ वाढवत न्या, आणि एकदा वापरलेला आकडा त्याच अर्ध्या मिनिटात दुसऱ्यांदा घेऊ नका. ती गुप्त किल्ली पासवर्डसारखी चुरा करून, म्हणजे मूळ रूप परत मिळणार नाही अशी बदलून, ठेवता येत नाही, कारण गणितासाठी सर्व्हरला ती मूळ रूपात लागते. मग ती कुलपात ठेवा आणि त्या कुलपाची चावी त्याच डेटाबेसमध्ये ठेवू नका. आमच्याकडे एका बॅकअपमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी सापडल्या होत्या. ते पाहिलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सक्तीला खरा आक्षेप ज्येष्ठांचा आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. ठाण्यातल्या जुन्या सोसायट्या निवृत्त माणसं चालवतात. नौपाड्यात, पाचपाखाडीत, चरईत सत्तरीचे खजिनदार आहेत आणि हिशेबाला पक्के आहेत. त्यांना दाराबाहेर उभं करणारी सुरक्षा मला नको. म्हणून आम्ही सक्ती सगळ्यांवर केली नाही. जो सभासद फक्त स्वतःचं बिल बघतो त्याने एसएमएसचा ओटीपी घ्यावा, त्याचं नुकसान झालंच तर त्याच्यापुरतं असतं. त्यातही मोबाइल नंबर हा माणसाचा कायमचा पुरावा नव्हे, हे आम्ही धरून चालतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. वडील गेल्यावर बंद केलेला नंबर उद्या अनोळखी माणसाकडे असेल आणि खातं त्याला जोडलेलंच राहिलेलं असेल. पदाधिकाऱ्यांना आणि मॅनेजरना मात्र सवलत नाही. त्यांना पासकी, किंवा अगदीच जमत नसेल तर ३० सेकंदांचा आकडा, आणि सोबत, फोन हरवला तर वापरायला, प्रत्येकी एकदाच चालणाऱ्या दहा कोडचा छापील कागद. जोडणी करून द्यायला आमचा माणूस स्वतः सोसायटीत जातो. चहा होतो, तासभर जातो, पण एकदा बोट ठेवून दार उघडलं की मंडळी म्हणतात, हे तर ओटीपीपेक्षा सोपं आहे.

फोन आणि कोड दोन्ही नसतील तर पुन्हा आत येण्याची वाट मात्र मी मुद्दाम अवघड ठेवली आहे, आणि माझं भांडण झालं तेही तिच्यावरूनच. बहात्तर वर्षांच्या एका खजिनदार काकांचा फोन ठाणे स्टेशनवर गर्दीत गेला. कोडचा कागद त्यांनी छापलाच नव्हता. आमचा नियम असा की कमिटीतल्या दुसऱ्या दोघांनी आपापल्या लॉगिनमधून दुजोरा द्यायचा, सगळ्या पदाधिकाऱ्यांना तशी सूचना जाते, आणि त्यानंतर २४ तासांनी नवी जोडणी होते. काका फोनवर फार चिडले. ‘वीस वर्षं या इमारतीत राहतोय, तुम्ही माझ्या घरी जेवून गेलायत, आणि मला ओळखत नाही म्हणता?’ मी त्यांना ओळखतो. त्यांचा आवाजही ओळखतो. पण आवाज ओळखून दार उघडायची सोय मी एकदा ठेवली, की उद्या तसाच आवाज काढून दुसरा कोणी फोन करील, आणि फोन घेणारा मीच असेन असंही नाही. तो दिवस त्यांची बिलं अडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन केला. दहा कोडचा कागद छापला होता. तो घरी ठेवावा की सोसायटीच्या कपाटात, हे विचारायचं होतं. कपाटाच्या चाव्या मॅनेजरकडेही असतात, म्हणून घरीच, शेअर सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवायचं ठरलं. काकूंना ती जागा दाखवून ठेवा, एवढं मी सुचवलं. बोलता बोलता त्यांनी पुन्हा सांगितलं, की २४ तास फार होतात, चार पुरेत. मी ते लिहून घेतलं आहे. अजून बदललेलं नाही.